चिमणराव ऐकताना हसू कुठे गळतं?

झरोका
चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या कथा घरातल्या ७८ वर्षांच्या आजोबांसाठी ऑडिओबुक म्हणून लावायच्या आहेत. बारीक छपाई आता वाचवत नाही आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं. साधनं म्हणजे अँड्रॉइड फोन आणि ब्लूटूथ स्पीकर. शब्द सगळे कळतात, पण पुस्तकात जिथे हमखास हसू फुटतं, तिथे ऐकताना काहीच होत नाही. दोष वाचणाऱ्याचा की सेटिंगचा? आणि मनासारखं वाचन नाहीच सापडलं, तर घरी ध्वनिमुद्रण करून नातेवाइकांत वाटलं तर चालेल का?

तबकडी
आधी ॲपचं सेटिंग बघा. बऱ्याच प्लेअरमध्ये 'स्किप सायलेन्स' किंवा 'ट्रिम सायलेन्स' असा पर्याय असतो. तो चालू असेल तर दुसरं काही शोधायलाच नको. बातम्यांसाठी तो सोयीचा आहे, पण विनोदी कथेत वाचणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली अर्ध्या सेकंदाची थांबणूक तो कापून टाकतो. वेग १ वर ठेवा. १.२५ वर २० मिनिटांची कथा १६ मिनिटांत उरकते, ती चार मिनिटं श्रोत्याच्या हसण्याचीच असतात. आजोबांना ०.९ बरा वाटेल. त्याहून फार खाली गेलात तर आवाज ताणल्यासारखा येतो.

ब्लूटूथची एक खोड असते. काही स्पीकर शांतता आली की बॅटरी वाचवायला आवाज बंद करतात आणि पुन्हा जागे होताना पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळतात. विनोदात नेमकं तेच अक्षर मोलाचं. तोच तुकडा वायरच्या इअरफोनवर ऐकून बघा. तिथे अक्षर शाबूत असेल तर स्पीकर बदला.

कानासाठी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे इअरफोनवर दोन्ही बाजूंचा आवाज चांगल्या कानात पूर्ण येईल. इक्वलायझरमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झ साधारण ३ डेसिबलने चढवा आणि १५० हर्ट्झच्या खालचं उतरवा. वय वाढलं की आधी स, श, च, थ यांची धार जाते. नुसता आवाज मोठा केला तर घुमणं वाढतं, शब्द काही स्पष्ट होत नाहीत.

पाटीपेन्सिल
सेटिंग बरोबर, पण वाचणारा चुकीचा असेल तर सगळं फुकट. चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो, आणि ती त्याला फजिती वाटतच नाही. त्याच्या लेखी सगळं रीतसर चाललेलं असतं. म्हणून वाचणाऱ्याने हसायचं नाही, आवाज वाकडा करायचा नाही, 'आता गंमत येतेय' असा सूर लावायचा नाही. त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ मात्र रांगडा, खात्रीने बोलणारा. त्याला चिमणरावापेक्षा थोडा जड आवाज आणि तुटक वाक्यं पुरतात. दोघे नाटकातल्यासारखे ओरडायला लागले की कथा संपली.

पारखायला नमुन्याचं वाक्य घ्या: 'पाहुणे दोन दिवसांसाठी आले आणि तिसऱ्या वर्षी गेले.' विराम 'आणि'नंतर, साधारण अर्धा सेकंद. 'तिसऱ्या वर्षी' हे शब्द सपाट सुरात, किंबहुना किंचित खाली. विराम 'वर्षी'नंतर घेतला तर वाक्य अडखळल्यासारखं वाटतं, आणि 'तिसऱ्या'वर जोर दिला तर विनोद समजावून सांगितल्यासारखा होतो. विकत घेण्याआधी पाच मिनिटांचा नमुना ऐका आणि अशी दोन वाक्यं हेरा. मागे सतत संगीत असेल तर सोडून द्या. विरामात तेच ऐकू येतं.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला हा निकष लावू नका. तिथे समोर सभागृह असतं, हशा ओसरेपर्यंत सांगणारा थांबतो आणि मग पुढचं सोडतो. ते एकट्याने इअरफोनवर ऐकण्यापेक्षा चारजणांत, स्पीकरवर जास्त खुलतं.

शिसपेन्सिल
कायद्याचं: भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. चिं. वि. १९६३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कथा १ जानेवारी २०२४ पासून मोकळ्या. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं वेगळ्या हक्काची असू शकतात. ती वाचू नका. दुसऱ्याने केलेलं ध्वनिमुद्रणही वेगळ्या हक्कात येतं, तेव्हा ते वाटू नका. मिरासदार २०२१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कथांना हे लागू नाही.

मुद्रणासाठी कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर ठेवा, मागे गोधडी टांगा, पंखा बंद करा. फोन तोंडापासून एक वीत, पण समोर नाही, गालाच्या रेषेत, म्हणजे प आणि फ चा फटका बसत नाही. मिनिटाला १२० ते १३० शब्द धरले तर २,५०० शब्दांची कथा २० मिनिटांत होते. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून खोलीचा आवाज घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शनला (खरखर कमी करायला) तोच नमुना लागतो, आणि चुकीचा शब्द काढला की त्या जागी खोलीचा तोच आवाज भरायचा. कोरी शांतता टाकली तर कानाला खड्डा जाणवतो. सर्वोच्च पातळी उणे ३ डेसिबलच्या वर नको. एमपी३, मोनो, १२८ केबीपीएस पुरे.

झरोका
स्किप सायलेन्स चालूच होतं! बंद केलं. आता एक उरलं: घरातली मुलंही ऐकायला बसतात आणि आणे-पै आले की त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. मध्ये थांबवून सांगावं का?

पाटीपेन्सिल
मध्ये अजिबात नको, लय गेली की ती कथा त्या दिवशी परत उभी राहत नाही. सुरू करण्याआधी एवढंच सांगा: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै, आणि हा हिशोब १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत चालला. कथेत दोन आण्यांवरून वाद असेल तर तो रुपयाच्या आठव्या हिश्श्यावरचा वाद आहे, हे मुलांना आधी कळलेलं असलं की पुरे. बाकीचे जुने शब्द कागदावर टिपून ठेवा, कथा संपल्यावर आजोबांनाच विचारा.