टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला का?

हिशेबनीस

‘मोकळाढाकळा’ यांनी परवा नोकरदारांनी आयकराचा बाऊ करू नये, असे सांगणारे लेखन येथे टाकले. त्याचा मथितार्थ असा, की कंपनीने फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) हातात ठेवला आणि बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर दहा टक्के टीडीएस (पैसे हाती येण्यापूर्वीच कापला जाणारा कर) कापला, की करदात्याची जबाबदारी संपते. उरलेली सारी भीती सीए मंडळींनी स्वतःच्या पोटापाण्यासाठी पसरवलेली आहे. त्याखाली ‘अगदी मनातले बोललात’ अशा प्रतिसादांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

टीडीएस ही कराची आगाऊ वसुली आहे, अंतिम कर नव्हे. बँकेला तुमचा पगार ठाऊक नसतो आणि कंपनीला तुमच्या ठेवी ठाऊक नसतात, त्यामुळे दोघांनी मिळून कापलेली रक्कम तुमच्या खऱ्या कराइतकी भरली तर तो निव्वळ योगायोग. ज्याचा पगारच तीस टक्क्यांच्या टप्प्यात पोचलेला आहे, अशा माणसाला २०२४-२५ मध्ये १,८०,००० रुपये व्याज मिळाले असेल, तर बँक १८,००० कापून मोकळी होते. प्रत्यक्षात चार टक्के उपकर धरून त्या व्याजावरचा कर ५६,१६० रुपये होतो. मधले ३८,१६० कोणी भरायचे? शिवाय टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा त्याहून अधिक असेल, तर आगाऊ कराचे हप्ते भरणे बंधनकारक आहे, आणि ते चुकवले की १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २३४बी व २३४सीखाली दरमहा एक टक्का व्याजाचा मीटर सुरू होतो. हे टाळण्याचा साधा उपाय म्हणजे ठेवींचे अपेक्षित व्याज आधीच कंपनीच्या लेखा विभागाला कळवणे; मग ते पगारातूनच जादा कर कापतात.

तीच गत पुनर्गुंतवणूक ठेवींची. पैसे पाच वर्षांनी हातात येणार, मग कर तेव्हाच भरू, असे अनेकजण मानतात. बँक मात्र दरवर्षी जमा झालेल्या व्याजाची माहिती पॅनसह आयकर विभागाकडे पाठवत असते आणि ते व्याज त्या त्या वर्षी एआयएसमध्ये (विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) उमटते. पतसंस्थांविषयी तर बोलायलाच नको. बहुतेक पतसंस्था सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून ते व्याज करमुक्त आहे, असे छातीठोकपणे सांगणारे लोक मी प्रत्येक लग्नसमारंभात भेटतो.

मोकळाढाकळा

आपण माझ्या लेखनातील एकच वाक्य चिमटीत धरून मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. माझा मुद्दा सामान्य माणसाचा होता. ज्याला २६एएस, एआयएस आणि टीआयएस अशी एकाच गोष्टीची तीन पत्रके वाचावी लागतात, ज्याला जुनी करप्रणाली की नवी हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागते, आणि ज्याला ३१ जुलैची मुदत २०२५ मध्ये १५ सप्टेंबर झाल्याचे वर्तमानपत्रातून कळते, त्याने काय आपली नोकरी सोडून कलमे पाठ करावीत? माझ्या मावसभावाने सारे काही नियमाने दाखवले, तरी त्याचा जादा कराचा परतावा महिनोन्‌महिने अडकून पडला. त्याच्या शेजाऱ्याने राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची बनावट पावती कलम ८०जीजीसीखाली लावून परतावा चटकन मिळवला. प्रामाणिकपणाचे हे बक्षीस असेल, तर आपले ३८,१६० आपल्यालाच लखलाभ.

उपनगरी_सीए

त्या शेजाऱ्याला निश्चिंत राहू देऊ नका. बनावट वजावटी दाखवून देणाऱ्या मध्यस्थांवर आयकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर दीडशेच्या आसपास ठिकाणी कारवाई केली, आणि ८०जीजीसी हे त्यातील एक प्रमुख कलम होते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर चुकवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो. तेव्हा परतावा मिळाला म्हणजे प्रकरण मिटले, असे समजण्याचे कारण नाही.

हिशेबनीसांच्या मांडणीत एक भर घालतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातले अनेक गृहस्थ ‘ठेव पत्नीच्या नावावर केली की प्रश्न सुटला’ असे समजतात. १९६१ च्या कायद्यातील कलम ६४ नुसार मोबदल्याविना पत्नीला दिलेल्या पैशांवरील उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते.

अनुराधा_तळेगाव

मी ज्याची वाट पाहत होते, तो विषय अखेर निघाला. सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली. यजमान दरमहा माझ्या खात्यात पैसे टाकतात, त्यातून घर चालवून जे उरले, त्याची मी ठेव केली. ठेव माझी, पॅन माझे, टीडीएस माझ्या नावावर. आणि सल्लागार सांगतात, की ते व्याज यजमानांच्या विवरणपत्रात दाखवून त्यावर तीस टक्के कर भरा. म्हणजे कष्ट माझे, उत्पन्न मात्र त्यांचे! कायदा करणाऱ्यांनी कधी भाजीचा हिशेब लिहिला होता काय?

निवृत्त_मास्तर

ताई, रागावू नका, पण पैसा मुळात यजमानांच्या पगाराचा आहे. उद्या प्रत्येकाने अर्धा पगार बायकोच्या नावे फिरवला, तर कर कोण भरणार?

अनुराधा_तळेगाव

मास्तर, अर्धा पगार फिरवणे आणि महिनाभर पोळ्या लाटून, बाजारहाट करून काही हजार बाजूला टाकणे यांतील फरक आपल्याला शिकवण्याची पाळी माझ्यावर यावी, याचे वाईट वाटते. आपल्या घरातही कोणीतरी हेच केले असेल. विचारून पाहा.

मोकळाढाकळा

पाहिलेत? टीडीएस राहिला बाजूला. जो कायदा नवरा-बायकोत भांडण लावतो, तो सामान्य माणसाने समजून घ्यावा अशी हिशेबनीसांची अपेक्षा आहे.

उपनगरी_सीए

अनुराधाताई, आपल्या सल्लागारांनी घाई केली, असे मला वाटते. घरखर्चाच्या पैशांतून पत्नीने केलेली लहानसहान बचत ही तिची स्वतःची मालमत्ता मानावी, अशा आशयाचा नागपूर उच्च न्यायालयाचा १९५६ चा निकाल आहे आणि आयकराच्या पुस्तकांत तो आजही दिला जातो. मात्र ‘लहानसहान’ या शब्दावर सारा भार आहे. दरमहा घरखर्चाच्या दुप्पट रक्कम आली आणि अर्धी थेट ठेवीत गेली, तर तो निकाल मदतीला येणार नाही.

जिथे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवावेच लागते, तिथेही मूळ रकमेवरचे व्याज तेवढे पतीचे. त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक करून मिळणारे व्याज पत्नीचेच. मास्तरांसाठी हेही सांगतो, की हीच रक्कम मुलाने आईला किंवा सज्ञान मुलीला दिली, तर कलम ६४ आडवे येत नाही. सुनेला दिली, तर येते. यामागील तर्कशास्त्र मला विचारू नका.

निवृत्त_मास्तर

आमच्या घरात विचारले. उत्तर येथे लिहिण्याजोगे नाही; ताईंचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य.

पण माझेही ऐका. मी दरवर्षी एप्रिलमध्ये १५एच, म्हणजे टीडीएस कापू नये म्हणून साठीपुढच्यांनी द्यायचे घोषणापत्र, देतो. गेल्या वर्षी बँकेने तो कुठे तरी हरवला, टीडीएस कापला, आणि केवळ तो परत मिळवण्यासाठी मला विवरणपत्र भरावे लागले. पंचाहत्तरीनंतर विवरणपत्रातून सुटका आहे म्हणतात, पण त्यासाठी निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत हवे. माझे निवृत्तिवेतन राष्ट्रीयीकृत बँकेत आणि ठेवी जिल्हा बँकेत, तेव्हा तीही वाट बंद.

हिशेबनीस

मास्तर, आपण १५एचचा योग्य वापर करत आहात. देय कर शून्य असेल, तरच तो द्यायचा असतो. कर लागत असताना केवळ टीडीएस नको म्हणून तो भरणारे ज्येष्ठ नागरिक खोटे घोषणापत्र देत असतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. नागपूरचा निकाल मला ठाऊक नव्हता, त्याबद्दल सीएंचे आभार. मोकळाढाकळा यांनी माझ्या आकड्याला अजून उत्तर दिलेले नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

मोकळाढाकळा

आकडा बरोबर आहे. गुणाकार मलाही येतो. आपल्या या विजयाबद्दल पेढे वाटावेत. आता एवढेच सांगा, की ज्याने मागची दोन-तीन वर्षे व्याज दाखवलेच नाही, त्याने काय करावे? मित्रासाठी विचारतो आहे.

उपनगरी_सीए

आपल्या मित्राला अद्ययावत विवरणपत्र भरता येईल. त्याची मुदत २०२५ पासून चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते, त्यामुळे थांबण्यात फायदा नाही. त्यातून परतावा मागता येत नाही आणि करही कमी करता येत नाही. नोटीस येऊन पुनर्निर्धारण (विभागाने कर नव्याने ठरवणे) सुरू झाले, की हा मार्ग २०२६ पूर्वी बंद होत असे.

अनुराधाताई, ठेवीचा काही भाग यजमानांनी थेट दिलेल्या पैशांचा असेल, तर त्या भागावरील टीडीएसचे श्रेय त्यांच्या पॅनवर वळवता येते. त्यासाठी नियम ३७बीएप्रमाणे आपण बँकेला घोषणापत्र द्यायचे असते. ते वेळेत द्या. बँकेने तिमाही विवरण भरल्यावर दुरुस्ती करवून घेणे कठीण जाते.

अनुराधा_तळेगाव

आजच बँकेत जाऊन विचारले. खिडकीवरच्या मुलाने नियम ऐकून घेतला, आत जाऊन कोणाशी तरी बोलला आणि परत येऊन माझ्यापुढे १५एच ठेवला. मला साठ वर्षे पूर्ण व्हायला अजून बराच अवकाश आहे.