मांजरं आणि वासाच्या वनस्पती : तुमचे अनुभव लिहा

सई_पंचवटी
पावसाने उघडीप दिली म्हणून आज कंपाउंडलगतचं तण काढायला घेतलं. खोकली नावाची रानवनस्पती उपटली आणि मनी पार गच्चीवरून धावत आली. मुळाला गाल घासले, चावलं, मग ओल्या मातीतच लोळण! आमच्या जुन्या वाड्यात आजी अंगण साफ करायची तेव्हा आळीतली मांजरं अशीच गोळा व्हायची. आजी मुद्दाम एक मूळ बाजूला टाकायची, "खाऊ दे गं त्यांना." कितीतरी वर्षांनी आठवलं हे. पानांकडे मनी ढुंकूनही बघत नाही, ताजं मूळच हवं. मांजरांना भुलवणाऱ्या परदेशी कॅटनिपचं एवढं कौतुक, आणि आपल्याकडे ही दर पावसाळ्यात फुकट उगवते. तुमची मांजरं कशाने वेडी होतात?

बोकोबा
पुदिना. भाजीची पिशवी खाली ठेवायची खोटी, की बोका आत. खात नाही, नुसता डोकं घासतो.

मृण्मयी
कॅटनिप पुदिन्याच्याच कुळातलं ना. मी मागवलं होतं सुकवलेलं. थोरली दहा मिनिटं लोळली, गुरगुरली, मग शांत झोपली. धाकटी वास घेऊन निघून गेली. वाईट वाटलं मला तिच्यासाठी.

डॉ_माऊ
मृण्मयी, वाईट वाटून घेऊ नकोस, तिची तब्येत ठणठणीत आहे. साधारण तिनातल्या एका मांजरावर कॅटनिपचा असर होतच नाही, ते आनुवंशिक आहे. अगदी लहान पिल्लांवरही होत नाही. आणि एकदा लोळून झालं की निदान अर्धा तास तरी परत काही होत नाही, म्हणून सारखं देऊ नये.

सिडकोवाली
जटामांसी!! केसांच्या तेलासाठी रविवार कारंज्यावरून आणली होती. भांडी घासून येते तर पुडी फाडलेली, अर्धी ओट्यावर, अर्धी मांजराच्या अंगावर. नागरमोथा शेजारीच होता, त्याला हात नाही लावला.

सई_पंचवटी
अगं, तेलाचं प्रमाण दे ना!

सिडकोवाली
देते, कुकर झाला की.

डॉ_माऊ
जटामांसी तगरीची नातेवाईक (पांढऱ्या फुलांची तगर नव्हे, औषधी मुळांची, व्हॅलेरियन). तगरीच्या मुळांनाही मांजरं अशीच भुलतात.

गोदाकाठ
जपानमध्ये माताताबी नावाची वेल आहे, तिच्या पानांत मांजरं अशीच अंग घासतात. तिथल्या इवाते विद्यापीठातल्या मियाझाकींच्या गटाने २०२१ साली दाखवलं की पानातलं नेपेटालॅक्टॉल नावाचं द्रव्य अंगाला लागलं की डास कमी बसतात. म्हणजे नुसती मौज नाही, मांजर स्वतःला ओडोमॉस चोळतंय म्हणा! वाचल्यापासून लोळणाऱ्या मांजराकडे बघताना मला फार आदर वाटतो.

बोकोबा
आमच्या गल्लीत माणसांसाठीही लावा ती वेल. डेंग्यूचे दिवस आहेत.

नवी_मांजरवाली
उलट प्रश्न. तुळशीच्या कुंडीत माती उकरते, शी करते. नीलगिरीचं तेल शिंपडलं तर?

डॉ_माऊ
अजिबात नको. नीलगिरी, टी ट्री, लवंग, कुठलंच तेल नको. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, आणि अंगाला लागलेलं ते चाटतंच. मातीवर मोसंबीची सालं टाक किंवा गोटे पसर.

मृण्मयी
आणि लिली! पुष्पगुच्छातली लिली घरात आणूच नका. पराग अंगावर पडून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मैत्रिणीचं मांजर गेलं तसं. चावलेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघू नका, तडक डॉक्टरकडे.

नवी_मांजरवाली
बापरे. धन्यवाद दोघींना. नाशिकरोडला रात्री उघडा असणारा डॉक्टर माहीत आहे का कुणाला?

मृण्मयी
विपु केली आहे (तुझ्या विचारपुशीत निरोप टाकलाय).

गोदाकाठ
आमची गवती चहा खाते. खाऊन ओकते, पुन्हा खाते. केसांचे गोळे पडतात, मग दिवसभर खूश.

सिडकोवाली
गवती चहा, आलं आणि बाहेर पाऊस... आता चहा टाकलाच पाहिजे. आमचं ठोंब उन्हाळ्यात जळलं.

गोदाकाठ
आमच्याकडे माजलंय नुसतं. रविवारी सकाळी इंदिरानगर जॉगिंग ट्रॅकला असतो, घेऊन येतो.

बोकोबा
मलापण एक. मुळासकट आणा हो.