दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरच्या सगळ्यांनी मिळून छोट्या जागेत भाजीपाला लावलाय, पालक मस्त आला, तीनदा कापून झाला, पण दुधीने जीव टांगणीला लावलाय. वेल मांडवभर पसरलाय, पानं हिरवीगार, फुलंही रोज येतात, मादी फुलामागे बोटाएवढी लवदार दुधी दिसते आणि ४-५ दिवसांत टोकाकडून पिवळी पडत सुकून गळते. आत्तापर्यंत १०-१२ तरी गेल्या. फळमाशी असेल म्हणून एक चिरून बघितली, आत अळी नाही, वरून डंखाची खूणही नाही. म्हणजे परागीभवनच होत नसावं असं मला वाटतं.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि मी रोज सकाळी उशिरा जाऊन नर फूल मादी फुलावर फिरवत होते, तिथेच चुकलं का? काल दिवेलागणीला २ फुलांना पराग लावून खुणेला दोरा बांधलाय. शिवाय मध्यंतरी शेणखत जरा जास्तच पडलं, नत्र वाढलं की वेल नुसता माजतो ना? आता थ्री जी कटिंग, म्हणजे मुख्य वेलाचा आणि मग त्याच्या फांद्यांचा शेंडा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणणं, केलं तर चालेल की उशीर झाला? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, आई रोज मांडवाखाली जाऊन बघते हो.