सहा किलोमीटर खोलीवरचा दाब आठवीच्या मुलांना कसा समजावून सांगावा?

खडूफळा (प्रश्न):
मी आठवीला विज्ञान शिकवते. 'बल व दाब' हा पाठ चालू असताना वर्गात समुद्रयान मोहिमेचा विषय निघाला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत विकसित होत असलेली मत्स्य-6000 ही पाणबुडी तीन माणसांना घेऊन 6,000 मीटर खोल जाणार आहे. माणसे ज्या टायटॅनियमच्या गोलात बसतील, त्याचा बाहेरचा व्यास 2.26 मीटर आणि भिंतीची जाडी 80 मिलिमीटर आहे. त्या खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 600 किलो वजनाइतके बल असते, हे मुलांनी वहीत उतरवून घेतले, पण त्यातून त्यांना काही उमगले असे दिसले नाही. एका विद्यार्थ्याने आणलेल्या लेखात गोलाच्या संपूर्ण पृष्ठभागावरचे बल मोजून ते 96,000 टन, म्हणजे 19,000 हत्तींच्या वजनाइतके, असल्याचे म्हटले होते. त्यावर एका मुलीने विचारले, की एवढे हत्ती वर उभे असतील तर गोल समुद्राच्या तळात रुतून का बसत नाही? या प्रश्नाला काय उत्तर द्यावे आणि हत्तींपेक्षा बरी तुलना कोणती, हे कृपया सुचवावे.

लोलक:
त्या मुलीने हत्तींच्या तुलनेतील नेमके वैगुण्य पकडले आहे. 16 चौरस मीटर पृष्ठभागाला दर चौरस मीटरचे 6,000 टन या हिशेबाने गुणले की 96,000 हा आकडा येतो. गुणाकार बरोबर आहे. पण त्यात बलाची दिशा पूर्णपणे सोडून दिलेली आहे. हत्ती फक्त वरून भार देतात, तर पाणी वरून, खालून आणि सर्व बाजूंनी दाबते. समोरासमोरची बले एकमेकांना रद्द करून गेल्यावर जे उरते, ते खालच्या बाजूचा दाब वरच्यापेक्षा किंचित जास्त असल्यामुळे उरते, आणि ते वरच्या दिशेने असते. त्यालाच आपण प्लावक बल म्हणतो. गोलाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके, म्हणजे सहा टनांहून थोडे अधिक, एवढेच ते भरते. 96,000 टनांची बेरीज करून निव्वळ बल सहा टनांचे आणि तेही वर ढकलणारे, हा विरोधाभास फळ्यावर मांडला तर हत्तींची गरजच उरणार नाही.

तुलना द्यायचीच असेल, तर क्षेत्रफळ हाती ठेवणारी द्यावी. अंगठ्याच्या नखाचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे त्या खोलीवर नखाएवढ्या जागेवर 900 किलोंचा, एका लहान मोटारगाडीच्या वजनाचा भार येतो. मुलांनी आलेखाच्या कागदावर स्वतःचे नख गिरवून चौकटी मोजाव्यात आणि गुणाकार स्वतः करावा.

तळ_आणि_काठ:
नखाची तुलना मला मान्य आहे, परंतु तिच्यातून मुलांचा असा समज होईल, की तेवढ्या खोलीवर गेलेली प्रत्येक वस्तू चिरडली जाते. तसे असते तर तिथे मासेच नसते. 2022 साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत 8,336 मीटर खोलीवर पोहणाऱ्या माशाचे चित्रीकरण झाले आहे. त्याच्या शरीरात हवेची पोकळी नाही. आतल्या द्रवांचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असतो. शिवाय पाणी फारसे आकसत नाही, 6,000 मीटरवर त्याचे आकारमान जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास घटते. हवेचे तसे नसते. म्हणूनच सागरी मोहिमांवर जाणारे संशोधक हौसेने थर्मोकोलचे पेले उपकरणांना बांधून खोल सोडतात. त्यांतील हवेची सूक्ष्म दालने दबून जातात आणि पेल्याची घडण तीच राहते, पण तो अंगुस्तानाएवढा लहान होऊन वर येतो.

वर्गात हे दाखवण्यासाठी सुई नसलेल्या दोन सिरिंज पुरतात. एकीत हवा, दुसरीत पाणी भरावे, तोंडावर बोट घट्ट धरावे आणि दट्ट्या दाबून पाहावा. पाणबुडीचा खरा प्रश्न खोली हा नाही. आत माणसांसाठी साध्या वातावरणाच्या दाबाची हवा ठेवायची आहे, हा आहे.

जाड_भिंत:
मी दाबपात्रांच्या, म्हणजे मोठा दाब सोसणाऱ्या बंद टाक्यांच्या, आरेखनात काम करतो, म्हणून एक भर घालतो. एकूण बल निरर्थक असले, तरी अर्ध्या गोलावरचे बल अत्यंत अर्थपूर्ण असते. गोल मधोमध कापल्याची कल्पना करा. दोन अर्ध्या भागांना एकमेकांवर दाबणारे बल म्हणजे दाब गुणिले मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. चार चौरस मीटर धरले तर ते 24,000 टन होते. 1650च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो फॉन गेरिके यांनी एकमेकांना जुळवलेल्या धातूच्या दोन पोकळ अर्धगोलांतून (मॅग्डेबर्गचे अर्धगोल) हवा काढून दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तेव्हा हेच बल त्यांच्याविरुद्ध उभे होते. फक्त सुमारे अर्ध्या मीटर व्यासाच्या त्या गोलावर ते दोन टनांच्या घरात होते. (जाता जाता, एका बाजूला घोड्यांऐवजी भिंतीत कडी ठोकली असती तरी ओढ तेवढीच राहिली असती. आठवीच्या मुलांना हे पटवून देणे दाबापेक्षा कठीण जाते.)

आता हे 24,000 टन पेलणारी जागा कोणती? केवळ 80 मिलिमीटर रुंदीचे धातूचे कडे. त्याचे क्षेत्रफळ 0.55 चौरस मीटर, म्हणजे टायटॅनियमच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 4.4 टन येतात. गोलासाठी वापरलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा कायमचा आकारबदल दर चौरस सेंटीमीटरला आठ टनांच्या आसपास सुरू होतो. भिंत 80 मिलिमीटर का, याचे उत्तर या दोन आकड्यांत बरेचसे सापडते. आकार गोलच का, तर भार सर्वत्र सारखा वाटला जातो. चपट्या भागावर वाक येतो आणि तिथे कितीतरी जाड पत्रा लागतो.

खडूफळा:
सर्वांचे आभार. प्रथम सिरिंज, मग नखाचा हिशेब आणि शेवटी कापलेला गोल, असा क्रम ठेवावा असे वाटते. वर्तुळाचे क्षेत्रफळ माझ्या वर्गाचे गणितात अजून झालेले नाही, त्यामुळे कड्याचे क्षेत्रफळ तयारच द्यावे लागेल.

जाड_भिंत:
तयार देऊ नका. दोन वर्तुळे आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढून मधल्या पट्ट्यातील चौकटी मोजल्या तरी चालेल. एक सेंटीमीटरला दहा सेंटीमीटर हे प्रमाण घ्या. पट्टा आठ मिलिमीटरचा होईल आणि नखासाठी आणलेलेच कागद जोडून वापरता येतील.