टेन्शिओमीटरचा काटा ७५ वरून शून्यावर, पाणी तर दिलंच नाही

प्रश्न (संत्रावाला, वरुड):
भारी काळी जमीन, संत्र्याला आंबियाचा ताण (आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) चालू आहे. ठिबक बंद करून तीन आठवडे झाले. ३० सेंमी खोल लावलेल्या टेन्शिओमीटरचा (माती पाणी किती जोरानं ओढते ते सेंटिबारमध्ये मोजणारी पाणी भरलेली नळी) काटा रोज थोडा चढत ७५ सेंटिबारपर्यंत गेला अन् दोन दिवसांत शून्यावर येऊन बसला. पाऊस नाही, पाझर नाही. भेगा बोट जाईल एवढ्या पडल्यात. खालून ओल वर चढली, की गेज गेला?

ढेकूळ:
दोन्ही नाही, नळीत हवा शिरली. झाकण उघडून आत पाणी किती उरलं ते बघा. माती वाळते तशी नळीच्या तळाच्या सच्छिद्र कपातून पाणी ओढते, त्या ओढीचा आकडा गेज दाखवतो. ८०–८५ च्या पुढे हे यंत्र चालतच नाही, पाण्यातली विरघळलेली हवा बाहेर पडून स्तंभ तुटतो. अजून एक खूण सांगतो. कप ३० सेंमी खाली अन् गेज जमिनीच्या १५ सेंमी वर असला, तर ४५ सेंमी पाण्याच्या वजनाचेच ४–५ सेंटिबार काट्यावर दिसतात. म्हणून चांगल्या ओल्या मातीतही काटा नेमका शून्यावर टेकत नाही.

संत्रावाला:
उघडलं. पाणी अर्ध्याच्या खाली आहे. पण ७५ लाच तुटलं, ८५ ला नाही.

ढेकूळ:
मग भेग कपापर्यंत पोचली असेल, नाहीतर झाकणाचं रबर गळतंय. काळी माती आकसली की कपापासून सुटते, अन् एका बाजूनं कप उघडा पडतो. पुन्हा लावताना कप रात्रभर पाण्यात भिजवा. नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा, हातपंपानं बुडबुडे काढा. गिरमिटानं नळीच्या जाडीएवढंच भोक पाडा, त्याच मातीचा पातळ चिखल ओता, कप त्यात दाबून बसवा. वरून माती ठोकून घ्या. पण हे आत्ता नको, ताण तोडून पहिलं पाणी दिल्यावर वाफसा आला की करा.

काळीमाती:
तोवर वजनावर मोजा. गिरमिटानं ३० सेंमीवरची माती काढून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. समजा डबा ३२ ग्रॅम, ओल्या मातीसकट १८२, अन् १०५ अंशावर २४ तास ओव्हनमध्ये ठेवल्यावर १५२. पाणी ३०, कोरडी माती १२०, म्हणजे ओल २५ टक्के. भागाकार कोरड्या वजनानंच करायचा. १५० नं भागलं तर २० येतात, ही चूक फार होते. उन्हात वाळवून चालत नाही, काळ्या मातीत तरी काही टक्के पाणी उरतंच.

अन् २५ टक्के ऐकून ओल भरपूर आहे असं समजू नका, राजेहो! भारी मातीत १८–२० टक्क्यांनाही झाड कोमेजू शकतं, कारण उरलेलं पाणी चिकणमाती सोडतच नाही. १९ धरले तर झाडाच्या कामाचे ६ टक्के उरले. मातीची घनता १.३ धरून ३० सेंमीच्या थरात ते साधारण २३ मिमी भरतात. त्यातही घनता वाळता वाळता वाढते, तेव्हा हा आकडा ढोबळच.

गिरमिट:
ताण मोजायला टेन्शिओमीटर मुळात अपुरा. कोमेजण्याची ओढ १५०० सेंटिबारच्या आसपास, ह्याची मजल ८५. जिप्सम ब्लॉक (मातीत पुरून ओल मोजायचा जिप्समचा ठोकळा) बरा, पण तो पावसाळा संपता संपता, माती ओली असतानाच पुरावा लागतो. भेगा पडल्यावर पुरला तर मातीला चिकटतच नाही.