ऑटोइम्यून हिपॅटायटिस: भावंडांनी एचएलए तपासावं का?

प्रश्न: ऑटोइम्यून हिपॅटायटिस (स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर हल्ला करते तो आजार) असलेल्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी एचएलए टायपिंग (प्रतिकारशक्तीच्या एचएलए जनुकांचे प्रकार ओळखणारी चाचणी) करून घ्यावं का?

उत्तर १: नको. युरोपीय वंशात डीआरबी१ या एचएलए जनुकाचे *०३:०१ व *०४:०१ हे प्रकार, जपानमध्ये *०४:०५ धोका वाढवतात. पण ते असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. ही जनुकं पेशीवरच्या रेणूची खाच घडवतात आणि प्रथिनाचा कोणता तुकडा टी-पेशीपुढे (प्रतिकारशक्तीच्या पेशीपुढे) येणार, ते त्या खाचेवर ठरतं. त्रास जाणवला तर रक्तातलं एएलटी (यकृताला इजा झाल्यास वाढणारं एन्झाइम) आणि आयजीजी (एक प्रकारची प्रतिपिंडं) बघा, त्यातून जास्त कळेल.

उत्तर २: जनुक-तपासणी नको, याला एक अपवाद. मुलाला तोंडात सतत बुरशी, कॅल्शियम कमी आणि सोबत यकृतदाह असेल, तर एआयआरई जनुक (स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या टी-पेशींना रोखणारं) जरूर तपासा.

उत्तर ३: रुग्णाची टीपीएमटी, एनयूडीटी१५ (औषध शरीरात निष्क्रिय करणारी जनुकं) चाचणी मात्र अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करण्याआधीच करा! या जनुकांत दोष असल्यास नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात.