दाइनाला ओवी म्हणावं का?

फावलावेळ: लात्व्हियावरचा एक लेख मराठीत करतेय, दोन शब्दांवर अडलेय. क्रिश्यानिस बारोन्स यांनी 1878 पासून तिथली लोकगीतं, म्हणजे दाइना, निवडून लावायला घेतली. बहुतेक चार ओळींची, तीन बाय अकरा सेंटिमीटरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली. त्यासाठी 1880 साली मॉस्कोत खास कपाट करून घेतलं. 70 ड्रॉवर, प्रत्येकात 20 कप्पे. मी दाइनाला 'ओवी' लिहिलं आणि ड्रॉवरला 'खण'. घरी वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सत्तर खण? एवढ्या कुणाच्या ओट्या भरायच्यात?"

दगडूपंत: ओवी नको. ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. दाइनाला बहुधा यमक नसतंच, सगळी लयीवर चालते.

जात्याजवळची: पंत, ती ज्ञानेश्वरीची ओवी. माझी आजी म्हणायची ती दोन ओळींची. पहिली ओळ म्हणून झाली की जात्यात मूठभर वैरण घालायची, तेवढा दम घ्यायची, मग दुसरी. यमक जमलं तर जमलं. दाइनाही बायकांनीच जपल्या ना? मग ओवीच म्हणा.

उगाचच: मला तर दाइना म्हणजे वेदातली 'धेना' वाटते. धेना म्हणजे वाणी. त्यांच्याकडे देवाला 'दिएव्स', दिवसाला 'दिएना' म्हणतात. बघा जुळतंय का!

दगडूपंत: देव आणि दिन ठीक, ती नाती खरी आहेत. धेनेचं राहू द्या. 'दाइना' हा शब्द मुळात लिथुआनियन आहे. लात्व्हियातली बाई गाण्याला 'द्झिएस्मा' म्हणते. संग्रह 1894 ते 1915 या काळात छापून निघाला, गीतं दोन लाखांवर, आणि नाव शेजाऱ्याकडून उसनं.

जात्याजवळची: त्यांना उसनं चाललं आणि आम्ही मात्र सोवळ्यात?

मुसळधार: ओवीचं नातं जात्याशी लावू नका एवढंच सांगतो. सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय, महाराष्ट्रातल्या बाया ओवी गातात ती 'कण्डने'. म्हणजे कांडताना. दळताना नव्हे.

जात्याजवळची: तुम्ही कधी कांडलंय का? आमच्याकडे एका उखळात दोघी कांडायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. तोंडातून 'हुं'शिवाय काही निघत नाही. गाणार कशा?

मुसळधार: सोमेश्वर राजाने ऐकलं असेल तेव्हाच लिहिलं ना?

जात्याजवळची: राजा उखळापाशी बसला होता का?

फावलावेळ: मंडळी, खणाचं काय करू?

उगाचच: आमचं कोकणातलं घर पाच खणी. सत्तर खणी म्हणजे कपाट नव्हे, वाडाच झाला की.

फावलावेळ: ड्रॉवरच ठेवते. ओवीचं अजून ठरत नाही.

मुसळधार: आधी कांडणाचं मान्य करा.